सागरी महामार्ग हवाच, पण गावातला रस्ता रुंद करू नका. तुम्हाला काय वाटतं?

सड्यावरची
कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची. खाड्यांवरचे मोठे पूल आता मार्गी लागतायत आणि मला त्याचा आनंदच आहे. माझं म्हणणं पुलांच्या अलीकडच्या-पलीकडच्या रस्त्याबद्दल आहे. जलद गाड्यांचा रस्ता गावाबाहेरून न्या. गावातला जुना रस्ता आहे तेवढाच ठेवा, त्यावर ताशी ३० ची मर्यादा घाला आणि डंपर बंद करा.

मी दापोलीत राहते आणि रविवारी सायकलवर निघते. हर्णै, आंजर्ले, आडे, केळशी असा रस्ता धरते. पहाटे साडेसहाला आंजर्ल्याचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे सुरू होतात. कमरेएवढे, चुना-सिमेंट काही नाही, नुसते चिऱ्यावर चिरे. फटीफटीतून नेचे उगवलेले. वर नारळ, खाली पोफळी, त्यामुळे मार्चातही रस्त्यावर सावली. एका खळ्यावर सुपारी वाळत घातलेली असते. परवा तिथे एक आजी पायानेच सुपारी परतत होत्या. मला बघून ओरडल्या, "पाणी हवंय काय गो?" थांबले. तांब्याभर पाणी आणि वर दोन केळी. मोटारीत असते तर ती हाक मला ऐकूही आली नसती.

असा रस्ता एकदा बारा मीटर केला की परत अरुंद होत नाही. म्हणून आत्ताच बोलायला हवं.

खाडीपलीकडचा
ताई, तुमचं वर्णन खरं आहे. मी त्याच हवेत वाढलो. तरी तुमच्या मागणीला माझा पूर्ण विरोध आहे.

आमचं घर दाभोळच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. दिवसा फेरीबोट आहे, धोपाव्याला चढलं की दाभोळला उतरलं. रात्री बोट नसते. मग दापोलीला जायचं तर चिपळूण-खेडवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ची गाडी आली वेळेवर. पण गावाबाहेर पडताना वळणावर समोरून चिऱ्यांचा ट्रक आला. दोन्हीकडे तुमचे ते गडगे. ट्रकवाल्याला रिव्हर्स घेत अर्धा किलोमीटर मागे जावं लागलं. मी मागे वडिलांचा हात धरून बसलो होतो. ते वाचले, पण तो अर्धा किलोमीटर मी विसरलेलो नाही.

बाहेरून रस्ता काढा म्हणणं सोपं आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, पुढची रखडपट्टी आपण सगळ्यांनी पाहिली. नवा रस्ता होईपर्यंत आमची गावं तशीच अडकून राहणार का?

पोफळीची बाग
रुंदीकरण म्हणजे नक्की काय जातं, ते सांगतो. आमचं आगर रस्त्याला लागून आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेली बाग झोपली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. नवी लावली, ती आत्ता कुठे डोक्यावर गेली आहे.

रस्त्याच्या कडेची ओळ तोडली की नुकसान तेवढ्या ओळीचंच होत नाही. पोफळीला सावली आणि आडोसा लागतो. बाहेरची ओळ गेली की आतल्या झाडांची खोडं उन्हाने भाजतात, वाऱ्याला उघडी पडतात. दुसरी गोष्ट पाण्याची. गडग्यातून पावसाचं पाणी झिरपून जातं. शेजारच्या वाडीत रस्ता दोन फूट उचलून काँक्रीटची भिंत बांधली, आता जुलैत पाणी थेट लोकांच्या खळ्यात. मोबदला मिळेल, नाही म्हणत नाही. पण मोबदला गुंठ्याचा मिळतो, सावलीचा नाही.

मी सायकल चालवत नाही. तरीही ताईंच्या बाजूने.

पुणे-दापोली
मी सायकलवालाच, आणि मला रुंद रस्ता हवा.

अरुंद म्हणजे सुरक्षित हा समज लोकांनी सोडावा. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात दर खाडीला पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायचं आणि लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं. दाभोळहून दापोली म्हणजे समुद्रापासून आठशे फूट वर. मागे चढाला हलका पडणारा ३४ दात्यांचा गिअर असूनही शेवटच्या घाटीत मी ताशी सहा-सातच्या वेगाने रांगत असतो. त्या वेगाला सायकल डगमगते. तेवढ्यात मागून पर्यटकांची मोठी गाडी हॉर्न वाजवत येते आणि वळणापलीकडचं तिला काही दिसत नसतं.

गेल्या डिसेंबरात अशाच एका गाडीने मला डांबराखाली उतरवलं. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर खोली होती. पुढचं चाक अडकलं, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दीड मीटरची पक्की साइडपट्टी असती तर गाडी गेली असती आणि मीही गेलो असतो. तुम्ही निवांत रविवारी सकाळी जाता. आम्ही २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करतो, ती साडेतेरा तासांत संपवायची असते, म्हणजे दुपारची रहदारीही अंगावर घ्यावीच लागते.

सड्यावरची
मनगटाचं वाचून वाईट वाटलं. घाटीत पक्की साइडपट्टी हवी हे मला मान्य आहे. मी गावातल्या सपाट रस्त्याबद्दल बोलते आहे. तिथे रुंदी वाढली की गाडीवाला ताशी चाळीसचा सत्तरवर जातो, आणि दारं तर तशीच रस्त्यावर उघडतात.

खाडीपलीकडचे दादा, तुमच्या अर्ध्या किलोमीटरपुढे माझी सावली आणि केळी फिकी आहेत. पण त्या रात्री अडचण रुंदीची होती की गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती याची? दर दोनशे मीटरवर एक मोकळी जागा ठेवली तर पूर्ण रस्ता न फोडता रुग्णवाहिका निघते.

खाडीपलीकडचा
ती जागा कोणाच्या आगरातून घेणार? पोफळीची बाग, तुम्ही द्याल?

आणि रस्ता गावाबाहेरून न्या म्हणजे तो सड्यावरूनच जाणार, जणू सडा मोकळाच पडला आहे! तुम्ही स्वतःचं नाव सड्यावरची ठेवलंय, तुम्हाला तरी हे ठाऊक हवं. गावाची गुरं तिथे चरतात. पावसाळ्यात कातळावर फुलं येतात. रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. बुलडोझर फिरला की खोदलेला हत्ती आणि साधा कातळ यांत त्याला फरक कळत नाही. गावातला गडगा वाचवताना सडा मोडू नका.

पोफळीची बाग
देईन. वळणाजवळ दोन गाड्यांपुरती जागा देईन, तिथे नाहीतरी एकच वांझ नारळ आहे. पूर्ण कड देणार नाही.

दोन खोल्या आणि खाणावळ
मी केळशीच्या बाजूला घरगुती जेवण देते. सायकलवाले येतात, सोलकढी पितात, आमसुलं नेतात, महालक्ष्मीच्या देवळाची वाट विचारतात. मोटारवाले सहसा थांबत नाहीत. म्हणून रस्ता हळू राहावा हे मलाही वाटतं. पण सायकलवाल्यांनाही एक सांगायचं आहे. मागच्या महिन्यात चाळीस जणांचा गट पहाटे पाचला पाखाडीतून, म्हणजे घरांमधल्या अरुंद दगडी वाटेने, ओरडत गेला. पाखाडी लोकांच्या ओट्याला लागून असते. आजारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात.

आणि एवढ्या प्रतिसादांत शाळेच्या मुलांचा विषय कोणीच काढला नाही. माझी मुलगी आठवीत आहे. रोज चार किलोमीटर सायकल मारते, बिनगिअरची, मागे दप्तर. चढ आला की उतरून ढकलते. चिऱ्यांचे ट्रक सकाळी साडेनऊ ते साडेदहा, म्हणजे नेमक्या तिच्या वेळेला सुटतात. ट्रक आला की ती गडग्याला पाठ लावून उभी राहते आणि सायकल पोटाशी घेते. तिच्या गणवेशाच्या पाठीवर रोज जांभ्याची लाल माती असते. ती मी धुते.

पुणे-दापोली
गट आमचा नव्हता, पण पाखाडीतून जाणं चुकीचंच. पुढच्या राइडचा मार्ग मी आखतो आहे, त्यातून पाखाड्या वगळतो.

सड्यावरची
खाणावळवाल्या ताई, हा विषय माझ्याकडून सुटला होता. १ मेच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिते आहे. त्यात पहिला मुद्दा शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत ट्रक बंद. दुसरा, वळणांवर गाडी बाजूला घ्यायला जागा. रुंदीकरण नको हा तिसरा.

खाडीपलीकडचा
आमच्या ग्रामपंचायतीतही तोच अर्ज देतो, मसुदा पाठवा. पहिल्या दोन मुद्द्यांवर माझी सही. तिसरा वेगळ्या कागदावर घ्या, त्याच्या विरोधात मी उभा राहून बोलणार आहे.