मदत हवी आहे: बुटातल्या पिझोवर चालणारा सेन्सर जोडणी होता होता बंद पडतोय

नर्तिकेने टाच आपटली की लॅपटॉपवर आवाज वाजायला हवा, एवढंच करायचं आहे. अट एकच, बुटात बॅटरी नको. वीजही टाचेच्या दणक्यातूनच मिळवायची.

आतापर्यंतची जुळणी: टाचेखाली २७ मिमीच्या चार पिझो (दाब पडला की वीज देणाऱ्या) चकत्या पॅरलल. तिथून एलटीसी३५८८-१ (अशी वीज गोळा करून स्थिर व्होल्टेज देणारी चिप), आउटपुट ३.३ व्होल्ट, इनपुटला वीज साठवायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे एनआरएफ५२८३२ (ब्लूटूथवाली मायक्रोकंट्रोलर चिप) आणि ब्लूटूथ मिडी (लॅपटॉपला नोट्सचे संदेश पाठवायची पद्धत). त्याच चकत्यांवरून डिव्हायडर लावून (व्होल्टेज कमी करून) एडीसीलाही, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागालाही, सिग्नल घेतलाय; वीज त्यांचीच आणि वेलॉसिटीही (दणक्याचा जोर) त्यांचीच. (हे सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो.)

होतं असं की चाळीसेक दणक्यांनंतर मीटरवर कपॅसिटर ५ व्होल्टच्या जरा वर जातो, एनआरएफ चिप जागी होते, लॅपटॉपच्या यादीत तिचं नाव दिसतं, आणि जोडणी होता होता व्होल्टेज ३.७ च्या खाली घसरून सगळं विझतं. पुन्हा पहिल्यापासून आपटा. कपॅसिटर ४७० चा लावला तर जोडणी होते, तीन-चार नोट्सही वाजतात, पण तोवर नाच अर्धा संपलेला असतो.

दुसरं कोडं वेलॉसिटीचं. बेंच सप्लायवर चिप चालवून पाहिलं, तर मध्यम दणका आणि जोराचा दणका यांचे आकडे जवळपास सारखेच येतात. वर सलग आपटत राहिलं की आकडा चढत जातो, थांबलं की उतरतो. पाय तोच, जोर तोच!

शिवाय एका चकतीचा पांढरा थर तडकलाय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमचं दुसरं कोडं आधी, कारण गोम तिथेच आहे. चकतीचा व्होल्टेज कपॅसिटरच्या वर गेला की रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) वाहू लागतो आणि चकतीला तिथेच धरून ठेवतो. म्हणजे एडीसी दणका मोजतच नाहीये, कपॅसिटर किती भरलाय ते मोजतोय! सेन्सिंगसाठी वेगळी छोटी चकती किंवा पीव्हीडीएफ फिल्म (लवचिक पिझो प्लास्टिक) घ्या. फिल्म वाकते, तडकत नाही. सिरॅमिक चकतीला मात्र कडा टेकवून मध्ये जरा पोकळी द्या, आणि ती ठरावीक अंतरापलीकडे वाकू नये म्हणून खाली अडसर ठेवा.

चार चकत्या एकाच ब्रिजवर (रेक्टिफायरवर) नकोत. टाच एका कडेने आधी टेकते, तेव्हा दाबलेल्या चकतीचा चार्ज उरलेल्या तिघी खातात. प्रत्येकीला स्वतंत्र ब्रिज द्या आणि डीसी बाजू एकत्र करा.

आता हिशोब. एलटीसी ५.०५ ला वीज सोडू लागतो आणि ३.६७ ला बंद करतो; ५.०५ वरून ३.६७ व्होल्टवर येताना १०० मायक्रोफॅरडमधून जेमतेम ०.६ मिलिज्यूल मिळतात. एवढ्यात चिप उठवून, जोडणी करून, ती टिकवायची म्हणजे अवघडच. जोडणीचा नाद सोडा. दणका बसला की नुसतं एक अ‍ॅडव्हर्टाइजिंग पॅकेट (जोडणीशिवाय कुणालाही ऐकता येणारा छोटा ब्लूटूथ संदेश) फेका, त्यात दणक्याचा क्रमांक आणि जोर. लॅपटॉपला दुसरा बोर्ड लावून तो सतत ऐकत ठेवा, मिडी त्याला बनवू दे. क्रमांक असला की हरवलेली पॅकेटंही कळतात.

प्रतिसाद २

थोडं अवांतर. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ पॅराडिसो यांच्या गटाने १९९८ साली चालण्यातून वीज काढणारे बूट दाखवले होते. सरासरी वीज पीव्हीडीएफमधून सुमारे १.१ मिलिवॉट आणि पीझेडटी या पिझो सिरॅमिकमधून १.८. त्यावर काही पावलांनी एकदा छोटासा ओळख-कोड रेडिओवरून जायचा. त्याच गटाचा संगीतासाठीचा नृत्याचा बूटही त्याच सुमाराचा, १६ प्रकारची मोजमापं पाठवणारा. तो मात्र बॅटरीवर होता! त्यामुळे तुमचं अडलंय यात नवल नाही, पण तेव्हापासून चिपची भूक फारच कमी झालीय.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वेगळे ब्रिज लावल्यावर चाळीसाचे अठरा दणके झाले. जोडणी काढून टाकली आणि आता प्रत्येक दणक्याला आवाज येतोय. सेन्सिंगला फिल्म लावली, हळू-जोरात फरक स्वच्छ कळतो.

पण कपॅसिटर भरेपर्यंत पहिले अठरा मुकेच जातात. नर्तिका म्हणते, मी विंगेतच टाचा आपटून घेईन. पण मग प्रवेशाआधी मिनिटभर थांबावं लागलं तर? चिप झोपेत असताना तेवढा वेळ चार्ज टिकेल असा कमी गळतीचा कपॅसिटर कुणी वापरलाय का? सिरॅमिक की टँटलम?