शब्द कडेला दाखवताना नजर मध्यावर कशी रोखावी?

प्रश्न
भाषेचे काम बहुतेकांमध्ये मेंदूच्या डाव्या गोलार्धात अधिक चालते, हे मराठी शब्दांच्या आधारे तपासणारा प्रयोग मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी करीत आहे. पडद्याच्या मध्यावर अधिकचे चिन्ह असते आणि शब्द त्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे ३०० मिलिसेकंद दिसतो. नजर मध्यावर असेल, तर उजवीकडचा शब्द आधी डाव्या गोलार्धात आणि डावीकडचा उजव्या गोलार्धात पोहोचतो. नजर चिन्हावरच ठेवण्याची सूचना देऊनही सहभागी शब्दाकडे पाहतात, अशी शंका येते. आय-ट्रॅकर (नजर कुठे आहे ते टिपणारे उपकरण) उपलब्ध नाही. काय करावे?

उत्तर १
३०० मिलिसेकंद फार होतात. कडेला काही उमटल्यावर डोळ्याची झेप सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. त्यानंतरही शब्द पडद्यावर असेल, तर तो थेट दृष्टीच्या केंद्रावर येतो आणि कोणत्या गोलार्धाने तो आधी वाचला, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) दाखवणाऱ्या, पडद्यावर ९ फ्रेम, म्हणजे १५० मिलिसेकंद, शब्द ठेवावा आणि लगेच त्याच जागी मास्क (शब्द झाकणारी निरर्थक आकृती) दाखवावा. बाजू यादृच्छिक असावी, नाहीतर सहभागी अंदाज बांधून आधीच तिकडे वळतो.

उत्तर २
वरील उपाय आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, कारण शब्द येण्यापूर्वीच नजर भरकटलेली असेल तर १५० मिलिसेकंदांचा काही उपयोग नाही. शब्दासोबत मध्यावर एक बारीक अंक दाखवावा, तो आधी सांगायला लावावा आणि अंक चुकला की ती फेरी विश्लेषणातून वगळावी. (सूचनेवर विसंबून राहणे हा या क्षेत्रातला जुना भाबडेपणा आहे.) मात्र डोळे रोखले म्हणजे लक्षही रोखले गेले, असे समजू नये. नजर एकीकडे ठेवून लक्ष दुसरीकडे देता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच विजेच्या ठिणगीच्या उजेडात अक्षरे पाहून नोंदवले होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शब्द मध्यापासून किती अंतरावर असावा? उभे लिहिले तर चालेल का?

उत्तर ३
सहभागी ५७ सेंटीमीटरवर बसल्यास पडद्यावरचा १ सेंटीमीटर डोळ्याशी सुमारे १ अंशाचा कोन करतो. तेव्हा शब्दाची आतली कड मध्यापासून किमान २ ते २.५ सेंटीमीटरवर ठेवावी आणि हनुवटीला टेकू द्यावा. रोमन लिपीतले शब्द काही प्रयोगांत उभे मांडतात, पण देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते आणि वाचनच अनैसर्गिक होते. शब्द आडवेच ठेवून त्यांची रुंदी प्रत्यक्ष मोजून जुळवावी. ‘कमळ’ आणि ‘स्त्री’ यांची तुलना अक्षरसंख्येवर करता येत नाही.