कोरियाच्या सीमेवरचा बंद पट्टा कायम बंदच ठेवावा का?

पाणथळ: २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि कोरियातली दोन्ही सैन्यं दोन-दोन किलोमीटर मागे हटली. मध्ये सुमारे २५० किलोमीटर लांबीचा लष्करमुक्त पट्टा उरला. त्याच्या दक्षिणेला १९५४ पासून नागरिकांना अडवणारी आणखी एक रेषा आहे, म्हणजे बाहेरून आणखी एक निर्बंधांचा पट्टा. सत्तर वर्षं माणूस फिरकला नाही म्हणून तिथे रान माजलं, दक्षिण कोरियातल्या सीमेलगतच्या चोरवोन भागात हिवाळ्यात लाल डोक्याचे दुर्मीळ क्रौंच उतरू लागले. उद्या दोन्ही देशांत समेट झाला तरी हे पट्टे बंदच राहावेत, असं माझं ठाम मत आहे.

बांधावरून: साफ असहमत. तुम्ही दोन पट्ट्यांची गल्लत करताय. बाहेरच्या पट्ट्यात माणूस फिरकतो, भात पिकवतो. चौकीवर पास दाखवून आत जायचं, अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. क्रौंच रानात राहत नाहीत हो! कापणीनंतर खाचरात सांडलेले दाणे ते टिपतात, रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. पेंढा शेतातच राहू द्यावा, हिवाळ्यात खाचरात पाणी भरून ठेवावं, यासाठी शेतकऱ्यांना सरकारी पैसे मिळतात. पक्षी जगवले शेतकऱ्याने आणि श्रेय कुंपणाला?

पाणथळ: पक्षी भातावर जगतात, हे मान्य. पण निर्बंध उठले की भातच राहील कशावरून? जमिनीचे भाव चढतील, प्लास्टिकची हरितगृहं उभी राहतील. त्या छपराखाली क्रौंचाला दाणा मिळत नाही. चोरवोन भागात ही चिंता आजच आहे.

खंदक: सुरुंगांचं कुणीच बोलत नाही. पावसाळ्यात लाकडी पेटीतले सुरुंग उत्तरेकडून पुराबरोबर वाहत येतात, इमजिन नदीच्या काठाला लागतात. ऑगस्ट २०१५ मध्ये गस्तीवरच्या दोन दक्षिण कोरियन सैनिकांना सुरुंगस्फोटात पाय गमवावे लागले. शिवाय 'लष्करमुक्त' हे नावापुरतंच. दोन्ही कोरियांमधल्या २०१८ च्या लष्करी करारानंतर दोन्ही बाजूंनी काही चौक्या पाडल्या, २०२३ मध्ये करार मोडला आणि उत्तरेने त्या पुन्हा उभारायला घेतल्या. अशा जागी खुलं करा म्हणणं मला धोक्याचं वाटतं.
(अवांतर: १९५३ मध्ये याच पट्ट्यात युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपले मेजर जनरल थोरात होते. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना दक्षिणेच्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.)

बांधावरून: खंदक, सुरुंग आधी काढा, यावर वाद नाहीच. पण धोका आहे म्हणून तिथली माणसं मोजायचीच नाहीत का? खुद्द लष्करमुक्त पट्ट्यातलं दक्षिण कोरियाचं देसोंगदोंग गाव बघा. कर माफ, सैन्यसेवा माफ. पण रात्री संचारबंदी आणि घरोघर हजेरी. २०२४ मध्ये उत्तरेच्या भोंग्यांनी त्यांची झोप उडवली. पाणथळ, हरितगृहांची भीती खरी आहे. मग भात लावणाऱ्याचा मोबदला वाढवा आणि शेताला जायच्या वेळा सैल करा. पण कायम बंद ठेवायचं असेल, तर आधी त्या गावांना विचारा.

पाणथळ: विचारावं, जरूर. त्यांनी जमिनी विकायचं ठरवलं तरीही माझा विरोध राहील.