सेल ठेवली की लेझरचा ठिपका विझत नाही, दुपारी तर नाहीच

अमरावती रोडवाला:
एमएस्सीचा प्रोजेक्ट. 632.8 नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर, पोलरायझर (प्रकाशाचं कंपन एकाच दिशेत ठेवणारा), मग ॲल्युमिनियमची गॅस सेल (वायू भरायची नळी), शेवटी ॲनलायझर, म्हणजे दुसरा पोलरायझर. सेलला दोन्ही टोकांना बीके-7 काचेच्या खिडक्या, ब्रूस्टर कोनात, ॲरल्डाइटने चिकटवलेल्या. सेल नसली तर दोन्ही पोलरायझर क्रॉस केल्यावर, म्हणजे एकमेकांना काटकोनात फिरवल्यावर, ठिपका पार विझतो. सेल ठेवली की भिंतीवर लाल डाग उरतोच. सकाळी कमी, दुपारी जास्त. मे महिना, 45 अंश, आणि लॅबच्या कूलरमध्ये पाणी कोण भरणार यावर रोज भांडण.

धरमपेठी:
धूळ असेल. लेन्स टिश्यूने पुसून पाहा. नाहीतर परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगवाल्या खिडक्या घे.

निवृत्त लॅब असिस्टंट:
कोटिंग काहून बाप्पा? सरळ लावलेली साधी काच दर पृष्ठभागाला 4 टक्के उजेड परत फेकते, खरं आहे. पण बीके-7 सुमारे 56.6 अंशात, म्हणजे तिच्या ब्रूस्टर कोनात, तिरपी धरली, की आपतन प्रतलातलं (किरण आणि काचेवरचा लंब ज्या पातळीत असतात तिच्यातलं) ध्रुवीकरण परत येतच नाही. तिरपी लावतात ती त्याचसाठी.

आधी ॲनलायझर थोडा इकडेतिकडे फिरव. दुसऱ्या कोनात ठिपका पूर्ण विझला, तर सेल अक्षाभोवती जराशी फिरलेली आहे, बस. तिरपी काच ध्रुवीकरणाची दिशा वळवते, प्रकाश मात्र रेषीयच राहतो, म्हणजे कंपन एकाच रेषेत. कुठेच विझला नाही तर तो लंबवर्तुळी झालाय (कंपन रेषेत न राहता लंबवर्तुळात फिरतंय), म्हणजे काचेवर ताण आहे. मला तोच संशय. ॲल्युमिनियम बीके-7च्या तिप्पट प्रसरण पावतं, ॲरल्डाइट काचेला सोडत नाही, काच ओढली जाते आणि द्विअपवर्तनी होते, म्हणजे दोन दिशांच्या ध्रुवीकरणाला तिचा अपवर्तनांक वेगवेगळा. आमच्याकडे एका पोरानं खिडकीचे चारही स्क्रू करकचून आवळले होते. दोन क्रॉस केलेल्या पोलरॉइडमध्ये (पोलरायझरच्या पातळ पत्र्यांमध्ये) धरली तर स्क्रूंपाशी पांढऱ्या पाकळ्या! अर्धा आटा ढिला केला, गेल्या.

खिडकी ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बसव. फ्यूज्ड सिलिकाची काच घेतलीस तर कोन 55.5 कर. आणि कोणी नीलमाची खिडकी फुकट दिली तरी आधी विचार कर, तो जन्मतःच द्विअपवर्तनी.

अमरावती रोडवाला:
काका, फिरवून पाहिलं, कुठेच विझत नाही. एक खिडकी हेअर ड्रायरने सोडवली (गाईडला सांगू नका). पोलरॉइडमध्ये मधोमध अंधार, पण कडेला जिथे ॲरल्डाइट चिकटून राहिलं तिथे चंद्रकोरीएवढा उजेड. ओ-रिंग शोधायला इतवारीत जातो, ऊन उतरल्यावर.