गोव्याचा प्रतिकार बाहेरून आणलेला होता का?

मांडवीकाठ:
पोर्तुगीज राजवट इंग्रजांपेक्षा सौम्य होती, गोवेकर सुखात होते आणि १९६१ पूर्वीचा लढा पुण्यामुंबईच्या पुढाऱ्यांनी सीमेपलीकडून लादला होता, असे ‘जुना पणजीकर’ यांनी काल येथे लिहिले. ते वाचून मला संताप आला. १५८३ साली दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीकरांनी आपल्या गावात चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले. पुढे तेथील सोळा गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली आणि एकटा नदीत उडी घेऊन वाचला. तेव्हा शिवरायांचा जन्मही झालेला नव्हता. पोर्तुगीज राजवट उलथवण्याचा १७८७ चा पिंटोंचा कट रचणारे तर ख्रिस्ती धर्मगुरू आणि लष्करातील गोवेकर होते, कारण वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या होत्या. त्यांपैकी पंधरा जणांना मृत्युदंड झाला. ज्यांनी राज्यकर्त्यांचा धर्म आणि भाषा दोन्ही स्वीकारले, तेच का उठले, याचे उत्तर मला हवे आहे.

जुना पणजीकर:
आपण माझे अर्धेच म्हणणे उचलले आहे. मी इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या छळाचे, समर्थन कधीच केलेले नाही. मी शेवटच्या सव्वाशे वर्षांविषयी लिहिले होते. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि १८६७ च्या नागरी कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला. माझ्या आजीला तिच्या भावांच्या बरोबरीने भाटाचा (माडांच्या बागायतीचा) वाटा मिळाला, तर रत्नागिरीस दिलेल्या तिच्या चुलत बहिणीला माहेरून लुगड्याचोळीपलीकडे काही मिळाले नाही. सत्तरीच्या राणे घराण्याच्या बंडांना स्वातंत्र्यलढा म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तीही मला मान्य नाही. १८५२ साली दीपाजी राणे उठले ते आपले हक्क आणि मोकासे (इनामाने मिळालेल्या जमिनी) राखण्यासाठी, आणि १८५५ मध्ये तडजोड झाल्यावर त्यांनी शस्त्र ठेवले.

सत्तरीकर:
मोकाशाचा विषय काढलाच आहे, तर तो आमच्याकडून ऐका. माझ्या पणजोबांनी लावलेली काजूची झाडे आज माझा मुलगा राखतो. बोंडू तुडवून निरो (काजूचा रस) गाळण्याची आमची कोळंबी, म्हणजे दगडी कुंडी, त्याच जागी आहे. तरीही त्या मोकाशाच्या जमिनीच्या कागदावर आमचे नाव नाही. सुनावणीला गेलो की पुढची तारीख मिळते. पोर्तुगीज गेले, पण हा तिढा आमच्या गळ्यात राहिला. म्हणून बंडामागे जमिनीचा प्रश्न होता हे मी नाकारत नाही. परंतु ज्याच्या हातून जमीन जाते, त्याला जमिनीचा लढा स्वातंत्र्याहून वेगळा वाटत नाही.

शिवाय १८९५ चे काय? तेथील आफ्रिकी राजा गुंगुन्याना याच्याविरुद्ध लढण्यासाठी मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीत जाण्याचा हुकूम गोव्यातील मराठा शिपायांनी मोडला, ते नाणूसच्या किल्ल्याकडे गेले आणि दादा राणे त्यांना येऊन मिळाले. मोकासा राण्यांचा होता, शिपायांचा नव्हता. एका वसाहतीची माणसे दुसऱ्या वसाहतीच्या उरावर पाठवायची ही पद्धत त्यांनी नाकारली, आणि ते मोडून काढण्यासाठी लिस्बनहून राजाच्या भावाला फौजेसह यावे लागले.

जुना पणजीकर:
तुमच्या जमिनीचे दुःख खरे आहे, पण ते येथे पुराव्यादाखल मांडू नका. शिपायांना समुद्र ओलांडायचा नव्हता आणि घरदार सोडायचे नव्हते. त्यावर साम्राज्यविरोधाचा मुलामा आपण आज चढवत आहात.

सत्तरीकर:
मग आपल्या आजीचा भाटाचा वाटा तरी पुरावा कसा ठरतो?

बांदेकर:
दोघांनीही राणे पुरे करावेत, कारण लढा बाहेरून लादल्याचा मूळ आरोप गोवामुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहावर होता. सत्याग्रही बाहेरून आले, हे मी मान्य करतो. ते आमच्याच अंगणातून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीकडे गेले. त्या १५ ऑगस्टला गोळीबार झाल्यावर भिजलेली, रक्ताळलेली माणसे आमच्या ओसरीवर आणून ठेवली गेली, आणि आजीने पेजेचे मोठे तपेले चुलीवर चढवले. ते तपेले आजही आमच्या माळ्यावर आहे. पण बाहेरच्यांना का यावे लागले? गोव्यात सभेला बंदी होती आणि लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा तपासणीखालून जात असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहियांना ऐकण्यास जमलेले लोक गोवेकरच होते. गोव्यातल्याच चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा त्याच वर्षी पकडले गेले आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेले. त्यांना कोणत्या पुण्याच्या पुढाऱ्याने पाठवले होते?

जुना पणजीकर:
कुंकळ्ळी, पिंटो आणि कुन्हा यांच्यापुरते ‘लादलेला’ हे माझे विधान मी मागे घेतो. आजीला मिळालेल्या न्यायाविषयी मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही.

मांडवीकाठ:
तो कायदा चांगलाच होता आणि गोव्याने तो मुक्तीनंतरही ठेवला. पण ज्या सरकारने आपल्या आजीला वाटा दिला, त्याच सरकारने १९३० च्या वसाहत कायद्याने तिला पोर्तुगिजांच्या खालच्या पायरीवर बसवले, हेही आपण लिहायला हवे होते.