नावडतीची भाजी अळणी: नखरे, सवय की जीभच वेगळी?

पानगळ
कोबी शिजायला लागला की मी दुसऱ्या खोलीत जातो. बेचाळिशी ओलांडली, तरी. लहानपणी यावरून 'नखरेल', 'लाडावलेला', 'एक दिवस उपाशी ठेवा, मुकाट खाईल' असं सगळं ऐकून झालंय. माझ्या सख्ख्या बहिणीला तोच कोबी कच्चासुद्धा आवडतो. घर एक, कढई एक, आई एक. त्यामुळे 'संस्कार कमी पडले' हे उत्तर मला कधीच पटलं नाही.

माझं म्हणणं असं, की आम्ही दोघं एकच भाजी खात होतो हेच मुळात खरं नाही. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड भांड्यात ओतत होता. ती थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'काय कडू आहे हे' म्हणून करवादला, आणि फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी पूड जिभेवर घेऊन पाहिली (तेव्हाचे रसायनशास्त्रज्ञ असली धाडसं करत). तरी तेच. एकाला कडूजहर, दुसऱ्याला खडूची पूड. त्या पुडीला पीटीसी म्हणतात. ती कोणाला कडू लागणार हे ठरवणारं मुख्य जनुक २००३ मध्ये सापडलं, टीएएस२आर३८. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मोहरीची पानं यांत ग्लुकोसिनोलेट गटातली द्रव्यं असतात. त्यांची रचना त्या पुडीशी मिळतीजुळती, त्यामुळे त्या जनुकातून बनणारा ग्राहक, म्हणजे जिभेवर कडू द्रव्य ओळखणारा रेणू, त्यांनाही ओळखतो.

म्हणून माझा राग 'नखरे' या शब्दावर आहे. ज्याला कडू लागतच नाही त्याने दुसऱ्याला 'कडू कुठाय?' म्हणून दटावणं, याला काय म्हणायचं? वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

सरळसोट
वेगळं मत आहे.

हल्ली कशालाही जनुक सापडतं. आळशीपणाचंही सापडेल. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, हे आपल्या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय शोधलं होतं. माझा थोरला दोडक्याला हात लावत नसे. मी दुसरं काही करू दिलं नाही. दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी खाल्ला, पुढे कधी तक्रार नाही. त्याचं जनुक तीन दिवसांत बदललं का?

पर्याय दिसला की नावड सुचते. ताटात एकच भाजी असेल तर जीभ वाद घालत नाही.

तिसरी वाटी
जीभ वाद घालत नाही, पण वाद संपलाही नसतो ना. पूर्वी सगळे सगळं खायचे हे खरं असेल. आवडीने खायचे की नाइलाजाने, याची नोंद कोणी ठेवली?

कडूगोड
पानगळ, तुमचा सिद्धांत माझ्यावर चालवून बघा. मला कारलं जीव की प्राण आहे, आणि ब्रोकोली अजिबात चालत नाही. कडूची जीभ तीक्ष्ण असेल तर कारलं नकोसं व्हायला हवं. बोथट असेल तर ब्रोकोली चालायला हवी. मी कोणत्या खान्यात?

मोरपंखी
कडूगोड, दोन्ही खान्यांत, आणि त्यात विसंगती काही नाही. (चव-वास यांच्या चाचण्यांमध्ये काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं लांबण लावते.)

'कडू' ही आपल्याला एकच चव वाटते, पण ती ओळखणारे सुमारे २५ वेगवेगळे ग्राहक माणसाकडे असतात. टीएएस२आर३८ हा त्यांतला एक. तो कोबी कुळातल्या कडूवर चवताळतो. कारल्यातली कडू द्रव्यं वेगळ्याच घराण्यातली आहेत, त्यांची वर्दी दुसरे ग्राहक देतात. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, इतकं साधं.

दुसरं, आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. घास चावताना घशाच्या मागच्या बाजूने वास नाकात चढतो. नाक चिमटीत धरून बीट खाऊन बघा, नुसतं गोड लागेल. बोटं सोडलीत की लगेच माती. त्या मातकट वासाचं नाव जिओस्मिन. पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो म्हणून आपण हरखतो, त्यातलं हे मुख्य द्रव्य. एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी माणसाचं नाक ते पकडतं. तेव्हा 'बीट मातीसारखं लागतं' म्हणणारं मूल काव्य करत नसतं, शब्दशः खरं सांगत असतं. आपण नाकं मुरडणं म्हणतो, जिभा मुरडणं म्हणत नाही. भाषेला हे आधीच कळलेलं दिसतं.

हिरवट
कोथिंबीर! कोणी तरी कोथिंबिरीचं बोला. मला ती साबणासारखी लागते आणि घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

सरळसोट
घ्या. आता याचंही जनुक निघेल.

मोरपंखी
निघालंय, सरळसोट. :) २०१२ मध्ये. ओआर६ए२ नावाचा वासाचा ग्राहक आहे, कोथिंबिरीतली अल्डिहाइड द्रव्यं तो ओळखतो, आणि तशीच द्रव्यं साबणातही असतात. पण तुमच्या बाजूचंही सांगते. त्याच शोधनिबंधात म्हटलं आहे की या आवडीनिवडीत जनुकांचा वाटा अगदी थोडा दिसतो. उरलेलं काही तरी दुसरंच आहे. हिरवट, पानं बारीक वाटून थोडा वेळ ठेवलीत तर पानांतलीच विकरं (एन्झाइम) त्या अल्डिहाइडांचा बराचसा निकाल लावतात. करून बघा.

सरळसोट
'अगदी थोडा.' माझं काम झालं.

पानगळ
कोथिंबिरीपुरतं झालं. भाज्यांचं एकूण गणित वेगळं आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या जुळ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. तीन वर्षांच्या जुळ्यांच्या आवडीनिवडी तपासल्या. एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना केली. भाज्यांच्या आवडीतल्या फरकांपैकी ५४ टक्के फरक जनुकांशी जोडता आला.

सरळसोट
आणि ४६ टक्के?

पानगळ
४६ टक्के म्हणजे घर, सवय, योगायोग वगैरे. पण अर्ध्याहून जास्त वाटा जन्मजात आहे हे तर मान्य करा.

अर्धविराम
दोघंही तो आकडा चुकीचा वाचताय. ५४ टक्के म्हणजे 'तुमच्या कोबीद्वेषातला ५४ टक्के भाग जन्मजात' असं नव्हे. तो आकडा समूहातल्या *फरकांचा* आहे. सगळ्या घरांत सारख्याच भाज्या सारख्याच पद्धतीने शिजू लागल्या तर घराघरातला फरक कमी होईल आणि जनुकांचा टक्का आपोआप वाढलेला दिसेल. कोणाची जीभ मात्र बदललेली नसेल. एका माणसाला तो आकडा लावता येत नाही.

बाकी माझं मत सरळसोट यांच्याकडे झुकतं, पण त्यांच्या पद्धतीकडे नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलांवरचा २००३ चा ब्रिटनमधला प्रयोग आहे. पालकांनी नावडत्या भाजीचा एक लहानसा घास १४ दिवस रोज चाखायला दिला. आवड वाढली आणि खाणंही वाढलं. म्हणजे सवय चालते. पण चाखायला देणं वेगळं आणि संपवायला लावणं वेगळं. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग झाला, २००६ चा. काही मुलांना सूप पिताना 'संपव, संपव' असा लकडा लावला. ती मुलं कमी प्यायली आणि सूपाला नावंही जास्त ठेवली.

सरळसोट
अर्धविराम, १४ दिवस रोज घास देणं हे कामावर जाणाऱ्या आईबापांना सांगून बघा. मी तीन दिवसांत भागवलं.

आणि एक विचारतो. पानगळ यांच्या कोबीचा वास आम्हाला कसा येत नाही? नाक तर सगळ्यांना एकच.

मोरपंखी
सरळसोट, अनवधानाने तुम्ही या विषयातला सगळ्यात मजेदार प्रश्न विचारलात. नाक सारखं धरलं तरी तोंड सारखं नसतं.

कोबी-फ्लॉवरमध्ये एक गंधकयुक्त द्रव्य असतं. ते चावल्यावर भाजीतली विकरं कामाला लागतातच, पण आपल्या लाळेतल्या जिवाणूंकडेही तसंच विकर असतं. ते त्या द्रव्याचे तुकडे करून कुजकट वासाची द्रव्यं सोडतं. कोणाच्या लाळेत हे काम जोरात चालतं, कोणाच्या जेमतेम. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये सहा ते आठ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा ९८ जोड्यांची लाळ कच्च्या फ्लॉवरमध्ये मिसळून पाहिली. माणसामाणसांत प्रचंड तफावत निघाली. मूल आणि त्याचा पालक यांचं मात्र बरंचसं जुळलं, बहुधा तोंडातले जिवाणू सारखे म्हणून.

म्हणजे कोबी प्रत्येकाच्या तोंडात नव्याने तयार होतो. पानगळ यांच्या तोंडात कदाचित जास्त घाण वासाचा होत असेल.

पानगळ
हे वाचून उठून उभा राहिलो! मी पहिल्या परिच्छेदात हेच म्हणत होतो.

मोरपंखी
थांबा, बसून घ्या. पुढचा भाग तुम्हाला आवडणार नाही. ज्या मुलांच्या लाळेतून जास्त वास सुटत होता त्यांना त्या भाज्या जास्त नावडत होत्या. मोठ्यांमध्ये मात्र हा संबंध दिसला नाही. वास तेवढाच सुटत होता, तरी काही पालक मजेत खात होते. याचा सरळ अर्थ, वास सोसायला, किंबहुना आवडायलाही, माणूस शिकतो.

सरळसोट
हे मी छापून भिंतीवर लावणार आहे.

तिसरी वाटी
लावा, पण शेजारी 'शिकायला किती वर्षं लागली' तेही लिहा. पानगळ बेचाळीस वर्षांत शिकलेले नाहीत. कोणी शिकतं, कोणी नाही, हा फरक पुन्हा कुठून आला ते सांगा.

बुळबुळीत भेंडी
तुम्ही सगळे चव आणि वासावर अडकलात. माझ्यासारख्यांचं काय? मला भेंडीच्या चवीशी वैर नाही, त्या तारेशी आहे. वांग्याचंही तसंच, तो गिळगिळीतपणा. पालकाने दात खरखरीत होतात ते ऑक्झॅलिक आम्लामुळे, म्हणजे तिथेही चवीचा काही दोष नाही. निम्मी नावड स्पर्शाची असते आणि ती रांधणाऱ्याच्या हातात असते. भेंडी ओली न चिरता, झाकण न ठेवता, आंबट घालून केली की तार मोडते. कोबी जितका जास्त वेळ उकळाल तितका गंधक सुटतो. पानगळ, तुमच्याकडे कोबी मऊ गाळ होईपर्यंत शिजत असे का? खरं सांगा.

पानगळ
...हो.

कडूगोड
हा हा. चाळीस वर्षांचा खटला, आरोपी गॅसवर.

हिरवट
एक किस्सा. वांगं मला आवडायचं. नऊ वर्षांची असताना रात्री वांगं खाल्लं आणि पहाटे तापाने फणफणून उलट्या झाल्या. वांग्याचा काही संबंध नव्हता, घरात सगळ्यांनाच ताप होता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर वांगं तोंडाजवळ आलं की पोटात ढवळतं.

मोरपंखी
१९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांमध्ये हेच दाखवलं. गोड पाणी प्यायल्यावर किरणोत्साराने आजारी पडलेले उंदीर पुढे त्या पाण्यापासून लांब राहू लागले. एकदाच घडलं तरी पुरतं, आणि खाणं व आजारपण यांत काही तास गेले तरी चालतं. डोक्याला खुलासा पटतो, पोटाला पटत नाही.

तिसरी वाटी
आणखी एक शक्यता कोणीच मांडली नाही, भाजीच बदलली असेल तर? ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे ते लिंबाएवढे कोबीचे गड्डे. कित्येक लोक सांगतात, 'लहानपणी कडू लागायचे, आता आवडतात, वय झालं.' १९९० च्या दशकात डच शास्त्रज्ञांनी त्यांतलं नेमकं कोणतं द्रव्य कडू लागतं ते शोधलं आणि बियाणेवाल्यांनी कमी कडू वाण तयार केले. माणूस म्हणतो मी सुधारलो, प्रत्यक्षात सुधारला गड्डा. सरळसोट, तुमचा दोडका तपासून घ्या.

अर्धविराम
आपली एक म्हण आहे, कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. म्हण करणाऱ्याने तूप वापरलं, साखर वापरली, मीठ वापरलं नाही! मिठातलं सोडियम अनेक कडू द्रव्यांची चव दाबतं आणि कडूखाली दडलेला गोडवा वर येऊ देतो. १९९७ पासून हे नीट माहीत आहे. कडू भाजीवर साखर लोटण्यापेक्षा चिमूटभर मीठ जास्त काम करतं. पानगळ, कोबी मोठ्या आचेवर चार मिनिटं, मीठ आधी. एकदाच.

पानगळ
काल केला. खिडक्या उघड्या ठेवून. वास अर्ध्याने कमी. चार घास गेले, पाचवा गेला नाही. आवडला असं म्हणणार नाही, पण पळून गेलो नाही. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, 'तो गाळ झालेलाच मला आवडायचा.'

सरळसोट
दोन दिवस लिहिलं नाही, कारण थोरल्याला फोन केला होता. तो आता एकतीस वर्षांचा आहे, वेगळा राहतो. विचारलं, दोडका कसा काय आवडायला लागला रे तुला? तो हसायलाच लागला. म्हणाला, 'बाबा, मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचो. घर सोडल्यापासून एकदाही आणलेला नाही.'

सवयीबद्दलचं माझं मत कायम आहे, लाळेच्या त्या अभ्यासासकट. दोडक्याचं उदाहरण तेवढं मागे घेतो.