पबला वारशाचा दर्जा कशाच्या आधारावर मिळतो?

प्रश्न:
नमस्कार. मी दोन वर्षांपासून लंडनमध्ये राहतो. येथील काही जुन्या पबना वारसा वास्तू म्हणून कायद्याचे संरक्षण आहे, हे कळल्यावर नवल वाटले. अशा जागेत जतन करण्यासारखे नेमके काय असते, आणि मालकाने ती पाडायचीच ठरवली, तर या दर्जाचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १:
किलबर्नजवळचा कार्लटन टॅव्हर्न एकदा अवश्य पाहा. १९२०-२१ मध्ये बांधलेला हा पब दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावातून वाचला, पण एप्रिल २०१५ मध्ये, वारसा यादीत नोंद होण्याच्या अगदी तोंडावर, मालक कंपनीने परवानगी न घेता तो जमीनदोस्त केला. तेथे सदनिका उभारायच्या होत्या. रहिवाशांना मात्र आधीच कुणकुण लागली होती. त्यांच्या आग्रहावरून हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने टाइल्सचे प्लास्टरमध्ये साचे घेऊन ठेवले होते आणि आतबाहेरची छायाचित्रेही काढली होती. त्यामुळे वेस्टमिन्स्टर पालिकेने 'होता तसाच पुन्हा बांधा' असा आदेश दिला, तेव्हा 'तसाच म्हणजे कसा' हा वाद उरलाच नाही. ढिगाऱ्यातून वेचलेल्या विटाही नव्या भिंतींत बसवल्या गेल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा सुरू झाला. दर्जा मिळालेला नसतानाही तो परत उभा राहिला तो या नोंदींमुळे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २:
वरील माहितीत एक भर घालतो. वास्तू टिकली तरी आतला वावर टिकेलच असे नाही. नन्हेड येथील आयव्ही हाउस २०१२ मध्ये विक्रीला निघाला, तेव्हा परिसरातील लोकांनी आधी वारसा यादीत त्याची नोंद करवून घेतली आणि मग २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याखाली त्याला 'समुदायाची मालमत्ता' ठरवून घेतले. असा दर्जा मिळालेला हा इंग्लंडमधील पहिला पब. पुढे ३७१ जणांनी समभाग (शेअर) घेतले, कर्जही उभे केले, आणि २०१३ पासून ते स्वतःच तो चालवू लागले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'समुदायाची मालमत्ता' या दर्जामुळे मालकाला पब लोकांनाच विकावा लागतो का?

प्रतिसाद २:
नाही. लोकांनी खरेदीची इच्छा कळवली, तर त्यांना पैसे उभे करण्यासाठी सहा महिने मिळतात आणि तोवर विक्री थांबते. त्यानंतर कोणाला विकायचे, हे मालकच ठरवतो. म्हणून विक्रीची पाटी लागण्याआधीच तयारी सुरू करावी लागते.